नदीला न मिळणारा ओढा

गेल्या हानुकाच्या सुमारास आमच्या ज्येष्ठांच्या बैठकीत चहा चालू असताना एका मावशींनी आम्हांस एक प्रश्न घातला. त्यांचा भाचा ठाण्याचा. तो नोकरीसाठी कतार देशात, रास लफान येथे गेला आहे. मावशींनी फोनवर त्याच्या जेवणाखाण्याची चौकशी केली. शाब्बाथचे काय, तेही विचारले. तिकडे कार्यालयांना शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे ती सोय आपोआपच झाली होती. मग मावशी म्हणाल्या, "तुझ्या गावाला नदी कोणती रे?" भाचा हसला. "मावशी, इथे नदीच नाही." मावशींना ते पटले नाही. "नदी नाही तर ओढा तरी असेल. पाऊस पडतो ना? मग ते पाणी जाते कुठे?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर आम्हांलाही चटकन देता आले नाही. घरी येऊन नकाशे उघडले, पुस्तके चाळली, आणि जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी मावशींना हा प्रश्न का पडला ते सांगितले पाहिजे. त्यांचे माहेरचे आडनाव अष्टमकर. अष्टमी म्हणजे रोह्याच्या समोरचे गाव. मधून कुंडलिका वाहते. एका काठाचे रोहेकर, दुसऱ्या काठाचे अष्टमकर. आपल्या लोकांच्या आडनावांत कुलाबा जिल्ह्यातील (आताच्या रायगडातील) गावे जशी राहिली, तशा न बोलता त्या गावांच्या नद्याही राहिल्या. ज्यांचे बालपण तिकडे गेले त्यांना पाण्याचा रस्ता शिकवावा लागत नाही. डोंगरावर पाऊस पडला की पऱ्ह्या वाहू लागतो. तो शेताच्या बांधाशी ओढ्याला मिळतो, ओढा कुंडलिकेला मिळतो, आणि कुंडलिका कोलाड, रोहे करीत रेवदंड्याला खाडीवाटे समुद्रात जाते. भरतीचे पाणी रोह्यापर्यंत चढते. म्हणजे वरून गोडे पाणी येते, खालून खारे येते, आणि दोघांची भेट गावाशीच होते. उपनदी म्हणजे काय, तर मोठ्या नदीला जाऊन मिळणारी धाकटी नदी. धाकटी थोरलीला मिळते, थोरली समुद्राला, हा क्रम आपण गृहीत धरलेला असतो. रास लफानला हाच क्रम तुटतो.

रास लफान कतारच्या ईशान्य किनाऱ्यावर, दोहा शहराच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर आहे. अरबीतला 'रास' आणि आपल्या हिब्रूतला 'रोश' हे एकच. रोश हाशाना म्हणजे वर्षाचे डोके, रोश हानिक्रा म्हणजे समुद्रात घुसलेले डोके, तसेच हे रास लफान, म्हणजे एक भूशिर. तिथे पूर्वी वाळू, खडक आणि वारा यांशिवाय फारसे काही नव्हते. १९७१ साली त्या किनाऱ्यासमोरच्या समुद्राखाली वायूचा प्रचंड साठा सापडला आणि १९९६ साली तिथे बंदर सुरू झाले. आता वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात आणि जहाजांत भरून जगभर पाठवतात. २००४ पासून तो गुजरातेत दहेजलाही येतो, आणि दहेजहून निघालेला वायूचा नळ उरण-पनवेलपर्यंत आलेला आहे. आपल्या जुन्या गावांच्या वेशीपर्यंत रास लफानचे काहीतरी पोचले आहे म्हणायचे.

भूशिराच्या थोडे दक्षिणेला अल खोर नावाचे गाव आहे. 'खोर' म्हणजे खाडी. नाव ऐकून आम्हांला वाटले, खाडी आहे म्हणजे वर नदी असणारच; कोकणात नदीवाचून खाडी आम्ही पाहिली नाही. पण तिथली खाडी म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्रच. तिच्या वरच्या टोकाला गोडे पाणी घेऊन येणारे कोणी नाही. जवळच अल धखिरा येथे खाडीच्या चिखलात तिवराचे दाट रान आहे आणि ते तिवर आपल्या रेवदंड्याकडे आढळते त्याच जातीचे आहे. भाच्याने त्याचे छायाचित्र पाठवले तेव्हा मावशी म्हणाल्या, हे तर आमच्याकडचेच. अल खोरच्या खाडीत एक लहानसे बेट आहे. तिथे उत्खननात गोगलगाईंच्या ठेचलेल्या शिंपल्यांचे ढीग सापडले. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शिंपल्यांतून जांभळा रंग काढीत असत. तोरात मिश्कानच्या पडद्यांसाठी 'आर्गामान' सांगितला आहे, त्याच तऱ्हेचा हा रंग. विषयांतर झाले, पण हे वाचून आम्हांला राहवले नाही.

आता पाण्याकडे येऊ. कतारात बारमाही नदी एकही नाही, तळेही नाही. पाऊस वर्षाला सरासरी ८० मिलिमीटरच्या आसपास. रोह्याकडे तीन हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे कतारचा वर्षाचा पाऊस आपल्याकडे आषाढातल्या एका सकाळीही पडून जाईल. बेअर शेवाला साधारण २०० मिलिमीटर पडतो. तेवढाही तिथे नाही. जमीन सपाट. देशातली सर्वांत उंच जागा जेमतेम १०० मीटरची, तीही दक्षिणेकडे. पाण्याला धाव घ्यायला उतार लागतो, तो उत्तर भागात जवळजवळ नाहीच.

पण पाऊस कमी आणि जमीन सपाट एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. खरी गोष्ट जमिनीच्या पोटात आहे. कतारचा बहुतेक पृष्ठभाग चुनखडीचा आहे आणि त्या चुनखडीखाली ठिकठिकाणी जिप्समचे, म्हणजे ज्यापासून हाडाचे प्लास्टर करतात त्या खनिजाचे थर आहेत. जिप्सम पाण्यात विरघळते. हजारो वर्षांपूर्वी जेव्हा त्या प्रदेशात पाऊस अधिक होता तेव्हा पाणी फटींतून खाली गेले, जिप्सम विरघळले, खाली पोकळ्या झाल्या आणि वरची जमीन हळूहळू खचली. कुठे एकदम कोसळून खोल विवर झाले; देशाच्या मध्यभागी असे एक विवर सुमारे ४० मीटर खोल आहे. पण बहुतेक ठिकाणी जमीन नुसती दबली, आणि उथळ परातीसारखे खोलगट भाग तयार झाले. असे सुमारे ८५० खोलगट भाग कतारात मोजलेले आहेत. प्रत्येकाचे स्वतःचे पाणलोट क्षेत्र आहे, कोणाचे पाव चौरस किलोमीटर, तर कोणाचे ४५ चौरस किलोमीटर. सगळे मिळून देशाच्या निम्म्याहून अधिक जमिनीचे पाणी आतल्या आतच उतरते. अशा खोलगट जागेला तिथे 'रौदा' म्हणतात. शब्दाचा अर्थ बाग.

आता एका ओढ्याचा प्रवास पाहू. पावसाळा तिथे हिवाळ्यात. ऑक्टोबरच्या मध्यापासूनच्या पहिल्या पावसाच्या हंगामाला ते लोक 'वस्मी' म्हणतात. आपण ज्याला 'योरे' म्हणतो आणि ज्याच्यासाठी शेमिनी अत्सेरेतला प्रार्थना करतो, त्याचाच हा शेजारी. ढग येतात, तास-दोन तास जोराची सर येते. खडकाळ जमिनीचा वरचा थर उन्हाने भाजून कडक झालेला असतो. त्यात पाणी लगेच मुरत नाही, वरून सरकू लागते. आधी बोटभर रुंदीच्या चिरा भरतात. त्या एकमेकींना मिळतात आणि घोट्याएवढ्या पाण्याचा ओहोळ होतो. दोन-तीन ओहोळ मिळून 'वादी' होते. वादी म्हणजे कोरडा असतानाही ज्याचा मार्ग दिसतो असा ओढा. आमच्या वाडीशी त्याचा काही संबंध नाही. पाणी गढूळ, मातकट, सोबत बारीक माती घेऊन चाललेले. इथवर सगळे आपल्यासारखेच आहे. धाकटी धार थोरल्या धारेला मिळते आहे. पण काही शे मीटर, फार तर काही किलोमीटर गेल्यावर समोर नदी येत नाही. रौदा येते. ओढा त्या परातीत उतरतो, पसरतो, आणि थांबतो. त्याला पुढे रस्ताच नाही. थोरली नदी भेटण्याआधीच धाकटीचा प्रवास संपतो, आणि समुद्र वीस किलोमीटरवर असला तरी त्याला ते पाणी दिसत नाही.

भाच्याने मावशींना हेच सांगितले होते, फक्त वेगळ्या शब्दांत. जानेवारीत एका रात्री पाऊस झाला, सकाळी कामावर जाताना रस्त्यावरून पाणी आडवे वाहत होते, दुपारी ते पलीकडच्या खोलगट जागेत साचून तळे झाले, आणि पंधरवड्याने तिथे नुसती भेगाळलेली माती होती.

किनाऱ्याजवळच्या ओढ्यांचे नशीब याहून वाईट. ते समुद्राच्या दिशेने निघतात, पण समुद्राआधी खाऱ्या सपाट जमिनीत शिरतात. तिला 'सबखा' म्हणतात. पेण-उरणकडच्या मिठागरांचा हंगाम संपल्यावर जमीन जशी पांढरट, भुसभुशीत दिसते तशीच. तिथे गेलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि मिठाचा पापुद्रा मागे राहतो. ते पाणी कोणाच्याच कामाचे नाही. म्हणून आत रौदेत थांबलेला ओढा भाग्यवान म्हणायचा. थांबला म्हणून तो कोणाच्या तरी उपयोगी पडला.

उपयोग दोन. पहिला, ओढ्याने आणलेली माती. वर्षानुवर्षे ती रौदेत साचत गेली, म्हणून खडकाळ देशात चांगली जमीन आहे ती या परातींतच. तिथे गवत येते, बाभळीच्या जातीची झाडे येतात, आणि 'सिद्र' येतो. सिद्र म्हणजे बोरीचीच एक बहीण. इस्राएलातही ती आहे, 'शेझाफ' म्हणतात. कतारमध्ये तिला इतका मान की तिथल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेने तिलाच आपले चिन्ह केले आहे. विजा आणि पाऊस चांगला झाला की जमिनीखाली बटाट्यासारखी एक अळंबी फुगते, ती शोधायला लोक कुटुंबासह बाहेर पडतात. नेगेवमध्ये राहणाऱ्या आमच्या वाचकांना 'कमेहीन' ठाऊक असतील, त्याच ह्या. कतारच्या नकाशावर 'रौदत' अमुक, 'रौदत' तमुक अशी नावे जागोजागी दिसतात. आपल्याकडे गावे नदीकाठी वसली, त्यांची ओढा थांबतो त्या जागेपाशी वसली.

दुसरा उपयोग डोळ्यांना दिसत नाही. रौदेच्या तळाच्या फटींतून काही पाणी खाली मुरते. खाली जमिनीत खारे पाणी आहेच, कारण तिन्ही बाजूंनी समुद्र. पण गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगते. मधे जाड, कडांना पातळ, मसूर डाळीच्या दाण्यासारखे. कतारच्या उत्तर भागात असा गोड्या पाण्याचा साठा तयार झाला. ओढा नदीला मिळाला नाही, तो जमिनीखालच्या या पाण्याला मिळाला. त्याची थोरली नदी पायाखाली होती म्हणा.

हिब्रूत अशा ओढ्याला 'नाखाल आख्झाव' म्हणतात, हे वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. आख्झाव म्हणजे निराश करणारा, फसवणारा. पाणी असेल म्हणून जावे आणि कोरडे पात्र मिळावे. बारमाही असतो तो 'नाखाल एतान'. (नाखाल आणि आपला कोकणातला व्हाळ कानाला भाऊ-भाऊ वाटतात, पण नाते नाही.) बेअर शेवाचा नाखाल असाच आख्झाव. दिमोना-बेअर शेवाकडे राहणाऱ्यांनी तो उन्हाळ्यात धुळीने भरलेला आणि हिवाळ्यात एखाद्या रात्री पूर आलेला पाहिला आहे. पण तो उपनदीचे काम करतो: पश्चिमेला जाऊन नाखाल बेसोरला मिळतो. दावीदबरोबरची दोनशे दमलेली माणसे ज्याच्या काठी मागे राहिली तोच बेसोर. आणि बेसोर, पाणी असेल तेव्हा, भूमध्य समुद्राला जातो. लोदकडच्या वाचकांच्या जवळची अयालोनही यार्कोनची उपनदीच. म्हणजे आपला आख्झाव उशिरा येतो, कधी येत नाही, पण त्याला जायचे कुठे हे ठरलेले आहे. रास लफानच्या ओढ्याचे तसे नाही. त्याला आख्झाव म्हणावे तर तेही अन्याय्य वाटते. तो समुद्राला फसवतो, माणसांना नाही.

निदान पूर्वी तरी नव्हता फसवीत. शेकडो वर्षे उत्तर कतारची माणसे आणि उंट या जमिनीखालच्या साठ्यावर जगले. वायव्य किनाऱ्यावरचे झुबारा हे अठराव्या शतकात मोत्यांच्या व्यापाराने भरभराटीला आलेले शहर; आता ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण शहरातले पाणी खारट. गोड्या पाण्याच्या विहिरी किनाऱ्यापासून आत होत्या, आणि त्या राखायला मुद्दाम किल्ला बांधला होता. आमच्या रेवदंडा-कोर्लईच्या किल्ल्यांची तोंडे खाडीकडे, येणाऱ्या जहाजांकडे. या किल्ल्याचे लक्ष विहिरींवर.

हाताने पोहऱ्याने उपसत होते तोवर हिशेब जुळत होता. मग तेल आले, पैसा आला, यंत्राचे पंप आले, आणि शेतांसाठी रात्रंदिवस उपसा सुरू झाला. रौदांमधून आणि इतर मार्गांनी वर्षाला जमिनीत सहा कोटी घनमीटरच्या आत पाणी मुरते. २००५ च्या सुमारास उपसा होता सुमारे २२ कोटी. गोडे पाणी वरून काढले की खालचे खारे वर चढते. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. अलिबागकडच्या वाडीवाल्यांना हे नवीन नाही; समुद्राकाठची विहीर अती उपसली की नारळ आधी सांगतो. पण तिथे आषाढ येऊन चूक धुऊन टाकतो. कतारला आषाढ नाही.

मग आज तो भाचा पितो काय? समुद्र. त्या देशाचे पिण्याचे पाणी आता जवळजवळ सगळे समुद्राचे खारे पाणी गोडे करून केलेले असते, आणि त्यातला मोठा वाटा रास लफानचाच. तिथे वीज आणि पाणी एकत्र तयार करणारे तीन मोठे प्रकल्प आहेत. पहिला २००४ साली सुरू झाला, तिसरा २०११ साली पूर्ण झाला. तिघांची मिळून क्षमता दिवसाला सुमारे ७४ कोटी लिटर. रीत समजायला भाताचे भांडे पुरे. भात शिजताना झाकणाच्या आतून थेंब धरतात, ते गोडे असतात, मग भांड्यात कितीही मीठ घातलेले असो. वायू जाळून वाफ करतात, वाफेने यंत्र फिरवून वीज करतात, आणि काम करून आलेल्या त्या वाफेच्या उष्णतेने समुद्राचे पाणी तापवतात. तापलेले पाणी एकामागून एक कोठ्यांतून नेतात. प्रत्येक पुढच्या कोठीत हवेचा दाब आधीपेक्षा कमी, त्यामुळे पाणी पुन्हा पुन्हा एकदम उसळून वाफ होते. ती वाफ थंड नळ्यांवर धरली की गोडे पाणी. अश्केलोन, अशदोद येथे आपण पितो ते पाणीही समुद्राचेच, पण तिथली रीत निराळी: पाणी तापवीत नाहीत, जोराने दाबून बारीक पडद्यांतून गाळतात.

वीज आणि पाणी जोडीने येतात हे वाचून आम्हांला पुन्हा कुंडलिकाच आठवली. १९२७ साली टाटांनी मुळशीचे पाणी डोंगरावरून भिऱ्याला सोडून वीज केली, आणि वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत सोडले. म्हणून कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. मावशींनी मे महिन्यात ज्या पाण्यात कपडे धुतले, त्यातले पुष्कळसे घाटापलीकडचे, वीज करून आलेले होते. फरक एवढाच की भिऱ्याला पाण्याने वीज दिली आणि रास लफानला आगीने पाणी दिले.

या व्यवस्थेत एक धास्ती आहे. आखात उथळ आणि कोंडलेले आहे. त्याला मिळणारे सर्वांत मोठे गोडे पाणी उत्तरेकडून येते, तेही बेरेशीतमधल्या हिद्देकेल आणि पेराथ या नद्यांचे, आणि वर धरणे झाल्यामुळे ते आता पूर्वीइतके येत नाही. समुद्रात तेल सांडले किंवा दूषित काही पसरले तर कारखान्यांची तोंडे बंद करावी लागतील, आणि मग घरोघरच्या नळांचे काय? ही भीती ओळखून त्या सरकारने काँक्रीटच्या अवाढव्य टाक्या बांधल्या. २०१८ च्या अखेरीस त्यांचे उद्घाटन झाले. साठा सात दिवसांचा. मावशींच्या पिढीने विहिरीचे पाणी जूनपर्यंत पुरेल की नाही याची काळजी केली. तिथे सात दिवस पुरले तर ती मोठी गोष्ट मानतात. आम्ही हे हसण्यावारी नेत नाही. इस्राएलातही दुष्काळाच्या वर्षी किन्नेरेतची पातळी बातम्यांत रोज सांगत असत, आणि आम्ही आंघोळ आखडती घेत होतो, ते विसरलो नाही.

आणखी एक काम तिथल्या लोकांनी केले, ते आम्हांला टाक्यांपेक्षा अधिक आवडले. निवडक रौदांच्या तळाशी त्यांनी विहिरी खोदल्या, पाणी काढायला नव्हे, घालायला. ओढ्याचे पाणी साचले की उन्हात उडून जाण्याआधी ते या विहिरींतून खाली जावे, म्हणून. उन्हाळ्याच्या उन्हात वर्षाला दोन मीटरहून अधिक पाणी उडून जाते अशा देशात पाण्याला सावलीत, म्हणजे जमिनीखाली, लवकर पोचवणे हेच शहाणपणाचे.

हे सगळे आम्ही पुढच्या बैठकीत मावशींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. "म्हणजे ओढा आहे," त्या म्हणाल्या, "मी म्हटलेच होते." मग भाच्याला फोन लावला आणि त्या साचलेल्या तळ्यापाशी बोरीचे झाड आहे का ते बघून यायला सांगितले. दोन आठवड्यांनी छायाचित्र आले. काटेरी, डेरेदार झाड, खाली भेगाळलेली माती, आणि भाच्याच्या तळहातावर पिवळसर चार फळे. आपल्या बोरांहून लहान. मावशींनी ते सगळ्यांना दाखवले आणि भाच्याला उलट निरोप पाठवला: बोरे खा, पण आधी 'बोरे पेरी हाएत्स' म्हण.